गेममध्ये टर्न ४३ वर अडकलोय, लवकर लिही

प्रिय दोस्ता,

आठ महिने झाले. त्या रात्री मी तुझं बोलणं अर्धवट तोडून फोन ठेवला, ते चुकलं माझं. आणि मग रोज उद्या करतो, उद्या करतो म्हणत राहिलो. तब्येत बरी आहे, पाठ अधूनमधून धरते, बाकी काही नाही. आज लिहितोय कारण जे झालंय ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळणार नाही.

आपला साम्राज्य उभारायचा गेम, सिव्ह ६, परत सुरू केलाय, डेटी म्हणजे सगळ्यात अवघड लेव्हलवर. आपण एका सेटलरने, म्हणजे नवं शहर वसवणाऱ्या एका तुकडीने, सुरू करतो आणि समोरचे पहिल्याच टर्नला ३ सेटलर घेऊन उभे, म्हणजे जमीन संपायला लागते तेव्हा आपलं दुसरं शहरसुद्धा झालेलं नसतं. या वेळी राजधानीत आधी टेहळणीचा स्काउट, मग गोफणवाला स्लिंगर, मग सेटलर असं केलं, मॉन्युमेंटच्या इमारतीला हातही लावला नाही. दुसरं शहर बसलं, दोन्हीकडची मिळून लोकसंख्या ६ झाली, त्यावर अर्ली एम्पायर या सिव्हिकचा बूस्ट मिळाला, म्हणजे ते लवकर पूर्ण झालं, आणि त्यातलं कॉलोनायझेशन हे धोरणाचं कार्ड हातात आलं. सेटलरवर ५० टक्के जास्त प्रॉडक्शन! पहिला सेटलर ८० प्रॉडक्शनला पडतो आणि पुढचा प्रत्येक ३० ने महाग होत जातो, त्यामुळे हे कार्ड लवकर मिळणं किती मोठी गोष्ट आहे हे तुला वेगळं सांगायला नको.

आणि इथेच तुझी आठवण आली बघ. तू जीव तोडून सांगत होतास की आधीच्या सिव्ह पाचमधली चारच शहरांवर थांबायची सवय सोड. पाचमध्ये प्रत्येक नव्या शहरामागे टेक म्हणजे प्रत्येक नवा शोध ५ टक्के महाग व्हायचा, लोक नाराज व्हायचे, तिथे माझं बरोबरच होतं, ते मी आजही सोडणार नाही. पण सहामध्ये ७ लोकसंख्येच्या एका मोठ्या शहरात विज्ञान देणारा कॅम्पस एकच होतो आणि तीन छोट्या शहरांत तीन होतात. एवढं साधं गणित, आणि यावरून आपण भांडलो! (गणितावरून आठवलं, एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीने हॉटसीट खेळताना तू दुसऱ्या शहराला गणिताच्या सरांचं नाव दिलं होतंस आणि त्या शहराची लोकसंख्या शेवटपर्यंत ३ च्या वर गेली नाही. दादा अजून हसतो.)

आता खरी अडचण. दुसरा सेटलर राजधानीत तयार उभा आहे. जागा अशी आहे की तू बघितलीस तर ओरडशील, नदीकाठ म्हणजे ५ हाउसिंग, लोकसंख्या वाढायला जागा, आणि एका बाजूला चार डोंगर, कॅम्पसला सरळ +४ विज्ञान. पण बार्बेरियन टोळीचा स्काउट माझं शहर बघून डोक्यावर लाल उद्गारचिन्ह घेऊन कॅम्पकडे निसटला, माझा वॉरियर एक टाइल म्हणजे एक घर मागे राहिला आणि आता तीन घोडेस्वार आलेत. वॉरियर सोबत पाठवला तर राजधानीत एक स्लिंगर उरतो. सेटलर एकटा पाठवला तर ते त्याला उचलून कॅम्पवर नेतील. थांबलो तर शेजारच्या रोमचा सेटलर तिकडेच निघालाय, त्याचं शहर बसलं की मधे तीन टाइल सोडाव्या लागतात आणि ती जागा गेलीच. बरं, मी आधी पोचलो तरी नऊ टाइलच्या आत रोमची शहरं आहेत, लॉयल्टी टिकेल का, की शहर फुटून हातचं जाईल? आणि रोमचा आयर्न वर्किंगचा शोध झाला की त्यांचे लिजन सैनिक येणार ते वेगळंच. तीन रात्री गेम उघडतो, मॅप बघतो आणि बंद करतो.

आधी स्लिंगरने एक घोडेस्वार मारून आर्चरीच्या, म्हणजे धनुर्विद्येच्या, शोधाचा बूस्ट घ्यावा असं मन म्हणतं, पण त्यात तीन-चार टर्न जातात. तू असतास तर सेटलर लगेच बाहेर काढला असतास, मला माहीत आहे.

नवीन नोकरी कशी आहे? वहिनींना नमस्कार. पिल्लू चालायला लागलं असेल ना, फोटो पाठव.

सेव्ह टर्न ४३ वरच ठेवलाय. तुझं पत्र येईपर्यंत हलवत नाही.

तुझाच