यादी हजेरीपटावरून नको

नवापूर, 3 डिसेंबर

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद. ऑफिसातल्या लोकांनी नाताळसाठी वर्गणी काढली, चाळीस घरांना सामान द्यायचं ठरलं, हे तू फोनवर सांगितलंस. तुझ्या आईने ते चर्चच्या मंडळीतल्या बायकांना सांगूनही टाकलं. आता चाळीसाची साठ घरं होणार. ते तू तिच्याशीच बोल.

तू म्हणालीस, "बाबा, शाळेतून गरीब मुलांची यादी घ्या." ते ऐकलं आणि माझीच जुनी चूक आठवली. नोकरीत असताना एका संस्थेला मी अशीच यादी करून दिली होती. डिसेंबरचा हजेरीपट पुढे घेतला आणि रोज येणाऱ्या पोरांची नावं उतरवली. ब्लँकेटं वाटली, फोटो निघाले. संध्याकाळी परतताना पाड्याच्या टोकाला एक म्हातारी तीन नातवंडांना घेऊन शेकोटीशी बसलेली दिसली. मोठी पोरगी माझ्याच वर्गातली. धाकट्यांना सांभाळायचं म्हणून दिवाळीपासून शाळेत आलीच नव्हती, म्हणून माझ्या यादीतही नव्हती. म्हातारीने एका शब्दाने विचारलं नाही. बस म्हणाली आणि चहा ठेवला, बिनदुधाचा. तो मला गिळवेना.

तिचा मुलगा-सून बारडोलीकडे ऊसतोडीला गेले होते. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, पावसाळ्यातच घेऊन खर्च झालेली असते. दिवाळी झाली की नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, होऊन निघायचं, ते उन्हाळ्यातच परत. लेकरं सोबत नेली तर तोडणी मजुरांच्या पडावावरच्या झोपडीत, ठेवली तर आजीच्या गळ्यात. आपल्या स्टेशनचं ते बाकडं अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, लोक त्यावर बसून हौसेने फोटो काढतात. इथली कितीतरी घरं तशीच आहेत, त्यांचा फोटो कोणी काढत नाही.

म्हणून यादी मी आणि चर्चचे पाळकसाहेब पाड्यावर फिरून करतो. अंगणवाडीच्या ताईंना कोणत्या घरात फक्त म्हातारी माणसं आणि पोरं उरलीत ते तोंडपाठ असतं. किराणावाल्यालाही विचारीन. कोणाची उधारी किती थकली, हे त्याच्या वहीइतकं खरं कुठेच सापडत नाही. तुमच्यातल्या कुणाला पटलं तर दोन-चार घरांची उधारीच फेडून टाका, सामानापेक्षा ते बरं. आणि एक, पाड्यावर निम्मी घरं नाताळ करणारी, निम्मी देवमोगरा मातेला मानणारी. चूल सगळ्यांची सारखीच, तेव्हा घर निवडताना ते बघायचं नाही.

गहू-तांदूळ आणू नका. अंत्योदय कार्डावर महिन्याला 35 किलो धान्य मिळतं, तेही फुकट. अडतं ते तेल, डाळ, गूळ, साबण यांच्यापाशी. डाळ पुण्याहून ओढून आणू नकोस, इथल्या मिलमधून घेऊ. नवी तूर अजून शेतात आहे, पण जुनी चांगली मिळते.

कपड्यांबद्दल मात्र माझं थोडं भांडण आहे. तू एकाच रंगाचे चाळीस फ्रॉक म्हणतेस. नाताळच्या उपासनेला सगळ्या पोरी एकसारख्या फ्रॉकात आल्या की अख्ख्या गावाला कळतं, कोणाला दान मिळालं. त्यापेक्षा पैसे आजीच्या हातात दे, ती बाजारातून नातीला घेऊन जाईल. पोरगी गुलाबी मागेल, आजी मळखाऊ घ्यायला लावेल, ते त्यांचं त्यांना ठरवू दे. हिशेबाला पावत्या लागतील म्हणतेस, तर तुझ्या साहेबांना मी सही करून लिहून देईन. गुरुजीची सही अजून चालते.

पाड्यावर ऑफिसातून दोघंच या. बसभर माणसं नकोत.

22 तारखेच्या आत पोहोच. आई करंज्यांना तुझ्यासाठी थांबली आहे. स्वेटर विसरू नकोस, पहाटे फार गारठा असतो.

तुझे,
बाबा