शनिवारच्या विमान-तासाला माणसं पाहिजेत
मंडळी, शनिवारी सकाळची शाळा असते म्हणून साडेसातलाच होटगी रोडला जमायचंय, पोरांना विमान कसं उडतं ते शिकवायला अजून दोघं-तिघं लागतील, इंजिनिअरच पाहिजे असं काही नाही. कागदाच्या विमानाची मागची कड जराशी वर दुमडली की नाक वर उठतं, हे पोरांनाच करू द्या. आणि प्लीज, पंखावरची हवा खालच्या हवेला गाठायला जोरात पळते असलं सांगू नका, पुस्तकात असलं तरी चूक आहे ते, पंख हवा खाली ढकलतो म्हणून विमान वर राहतं. २०१८-१९ला पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं आपल्या सोलापुरात विमानानं कृत्रिम पावसाचे प्रयोग केले ते जरूर सांगा, पोरं कान टवकारतात. चांद्रयान-३चा विषय २३ ऑगस्टला घेऊ. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नाव टाका की, रद्दी पेपर पण आणा.