कोड लिहिला, पण तो ठेवला कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत संगणक आतून कसा चालतो यावर लेख आला होता, आवडला, घरात दोनदा वाचला. पण त्यात असेंबलरबद्दल (असेंब्ली, म्हणजे मशीनच्या अगदी जवळच्या भाषेत लिहिलेल्या सूचनांचे आकडे करणारा प्रोग्राम) एक वाक्य होतं, की असेंबलर एकेक ओळ वाचतो, तिचे आकडे करतो आणि एकाखाली एक ठेवत जातो. यातलं वाचणं आणि आकडे करणं बरोबर आहे, पण "एकाखाली एक" हे नाही, आणि हे छोटं नाहीये. मी बरीच वर्षं असेंब्ली लिहितेय, नवीन मुलांना शिकवतेही, आणि मुलं ठेचकाळतात ती नेमकी इथेच, म्हणून राहवलं नाही.

तुम्ही फाईलमध्ये ओळी ज्या क्रमाने लिहिता त्या क्रमाने त्या बसत नाहीत. असेंबलर सेक्शन ठेवतो, म्हणजे वेगवेगळे कप्पे, आणि प्रत्येक कप्प्याचा स्वतःचा मोजणारा काटा असतो. डॉट टेक्स्ट म्हटलं (.text अशी ओळ लिहिली) की पुढच्या सूचना कोडच्या कप्प्यात जातात, डॉट डेटा म्हटलं की डेटाच्या, परत डॉट टेक्स्ट म्हटलं की तो आधी जिथे थांबला होता तिथूनच पुढे सुरू करतो. प्रत्येक सेक्शन ऑब्जेक्ट फाईलमध्ये (असेंबलर तयार करून देतो ती फाईल) शून्यापासून सुरू होतो, खरे पत्ते नंतर लिंकर, म्हणजे अशा फाईली जोडून प्रोग्राम बनवणारा, देतो. तिसरा नेहमीचा कप्पा बीएसएस, त्यात शून्यांशिवाय काही नसतं म्हणून फाईलमध्ये फक्त "इतकी जागा लागेल" एवढीच नोंद राहते. एक मेगाबाइटचा बफर (राखून ठेवलेली जागा) डेटात टाकलात तर फाईल एक मेगाबाइटने फुगते, तोच बीएसएसमध्ये टाकला तर फुगत नाही. बीएसएस हे नाव १९५० च्या दशकातल्या आयबीएम ७०४ च्या असेंबलरपासून चालत आलंय, इतकी जुनी गोष्ट आहे ही, आणि तरी शिकवताना दोन मिनिटांत गुंडाळली जाते.

आता माझ्यावर बेतलेलं सांगते. मला एक तक्ता वेगळा ठेवायचा होता म्हणून मी स्वतःच्या नावाचा सेक्शन काढला, डॉट सेक्शन लिहून पुढे फक्त नाव, बास. असेंबल झालं, लिंक झालं, एक वॉर्निंग नाही. चालवलं की सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे आपली नसलेल्या मेमरीला हात लावला म्हणून प्रोग्राम बंद. दोन दिवस मी लूप (परत परत चालणारा भाग) तपासत बसले, मोजणी एकने चुकतेय का, रजिस्टर (प्रोसेसरमधली छोटी जागा) कुठे पुसलं जातंय का, सगळं बघून झालं. शेवटी डिबगरमध्ये (प्रोग्राम थांबवून आत बघायचं साधन) तक्त्याचा पत्ता ज्या रजिस्टरमध्ये होता ते बघितलं तर त्यात शून्य! मग रीडएल्फ (फाईलमधले कप्पे दाखवणारी कमांड) लावून सेक्शनची यादी काढली आणि एका नजरेत कळलं, कोड-डेटाच्या बाकी सेक्शनपुढे फ्लॅग (कप्प्याचं काय करायचं ते सांगणारी अक्षरं) होते, माझ्या सेक्शनपुढचा फ्लॅगचा रकाना रिकामा आणि पत्ता सगळी शून्यं. कारण असं की मी वापरते त्या जीएनयू असेंबलरला टेक्स्ट, डेटा अशी ठरलेली नावं ओळखता येतात, त्यांचे फ्लॅग तो आपले आपण लावतो, पण अनोळखी नाव दिलं आणि फ्लॅग दिलेच नाहीत तर तो सेक्शन मेमरीत चढवायचाच नाही असं धरतो. डेटा फाईलमध्ये होता, व्यवस्थित होता, पण प्रोग्राम चालताना मेमरीत आलाच नव्हता. नावापुढे अवतरणात एक "ए" लिहिला आणि झालं, म्हणजे जागा द्या. लिहायची परवानगी हवी तर डब्ल्यू, सूचना चालवायच्या तर एक्स. एका अक्षरापायी दोन दिवस गेले, आणि त्या दिवसापासून मी काहीही बिघडलं तरी आधी सेक्शनची यादी बघते, कोड नंतर.

पण मला खरं लिहायचंय ते सबसेक्शनबद्दल, कारण त्याचं नावही लेखात नव्हतं आणि माझ्या मते असेंबलरमधली ती सगळ्यात हुशार सोय आहे. एकाच सेक्शनच्या आत ० ते ८१९२ असे नंबर देता येतात, डॉट डेटा १, डॉट डेटा २ असं, नंबर नाही दिला तर शून्य धरतात. तुम्ही फाईलमध्ये कुठेही उड्या मारा, शेवटी असेंबलर लहान नंबरचं आधी आणि मोठ्या नंबरचं नंतर असं लावून देतो. ऑब्जेक्ट फाईलमध्ये मग या नंबरांचा मागमूस राहत नाही, लिंकरला एक सलग सेक्शन दिसतो.

याचा उपयोग काय, तर समजा तुमच्या प्रोग्रामला वीस कमांड आहेत, प्रत्येकीचं नाव आहे आणि ती करणारं फंक्शन आहे. साधी पद्धत अशी की वरती एक मोठा तक्ता, मधे सगळी नावं, खाली सगळी फंक्शन्स, मग एक कमांड वाढवायची तर तीन ठिकाणी जाऊन लिहायचं आणि एक ठिकाण हमखास विसरायचं. सबसेक्शनने मी असं करते: डॉट डेटा १० मध्ये फक्त तक्त्याच्या सुरुवातीचं लेबल (त्या जागेला दिलेलं नाव), ११ मध्ये नोंदी, १२ मध्ये फक्त शेवटचं लेबल, आणि २० मध्ये नावांची अक्षरं (मधे गॅप मुद्दाम ठेवते, जुन्या बेसिकमध्ये लाइन नंबर दहा-दहाने टाकायचे तसं). मग प्रत्येक कमांडची नोंद, तिचं नाव आणि तिचं फंक्शन एकाच जागी दहा-पंधरा ओळींत लिहायचं, वाचणाऱ्याला सगळं एकत्र दिसतं, आणि मेमरीत मात्र आठ-आठ बाइटचे दोन पत्ते असलेल्या नोंदी ओळीने चिकटून बसतात, वीस कमांड म्हणजे ३२० बाइट, लूप दर वेळी १६ ने पुढे सरकतो आणि शेवटच्या लेबलला थांबतो. शेवटचं लेबल तुम्ही फाईलच्या अगदी वरती लिहिलंत तरी ते शेवटीच जाणार, कारण त्याचा नंबर १२ आहे. नावं वेगळ्या नंबरात गेल्यामुळे अजून एक फायदा, नाव पाच अक्षरांचं असो नाहीतर नऊ, त्याच्यामुळे पुढच्या नोंदीचं अलाइनमेंट (ठरलेल्या पटीतल्या पत्त्यावर बसणं) हलत नाही. माणसाला वाचायला सोयीचा क्रम एक आणि मशीनला हवा असलेला क्रम दुसरा, आणि दोन्ही एकाच फाईलमध्ये नांदतात, मला हे अजूनही फार सुंदर वाटतं.

मर्यादा आहेत. सबसेक्शन त्या एका फाईलपुरते, दुसऱ्या फाईलमधला डेटा ११ येऊन याला जोडला जाणार नाही. अनेक फाईलींतून एक तक्ता जमवायचा तर नावाचा सेक्शनच हवा, तिथे लिंकर सारख्या नावाचे तुकडे एकत्र करतो, आणि नाव सी भाषेत चालेल असं ठेवलं तर जीएनयू लिंकर त्याच्या सुरुवातीची आणि शेवटची लेबलं स्वतः पुरवतो. लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) जी सूचना अडकू शकते तिच्याशेजारीच "अडकली तर इकडे जा" अशी नोंद वेगळ्या सेक्शनमध्ये टाकलेली असते, तेही याच जातीचं काम.

आणि परत यायला विसरू नये! माझ्या विद्यार्थ्यांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही. डॉट डेटा २० म्हणून नाव लिहिलं आणि पुढे डॉट टेक्स्ट न म्हणता सरळ फंक्शन लिहायला घेतलं, की सूचनांचे बाइट डेटात जाऊन बसतात, असेंबलर काही बोलत नाही, लिंकरही नाही, आणि फंक्शन कॉल झालं की प्रोग्राम मरतो कारण डेटाच्या पानावर (मेमरीच्या तुकड्यावर) सूचना चालवायची परवानगी नसते. एनएम (फाईलमधली नावं दाखवणारी कमांड) लावलं तर फंक्शनच्या नावाआधी टी (टेक्स्ट) ऐवजी डी (डेटा) दिसतो, तिथे पकडता येतं. डॉट प्रीव्हियस आहे पण तो फक्त आधीच्या जागी नेतो, दोनदा म्हटलं की परत होतात तिथेच. म्हणून मॅक्रोमध्ये (एका नावाखाली बांधून ठेवलेल्या ओळी) तर मी पुशसेक्शन आणि पॉपसेक्शनशिवाय काही वापरू देत नाही, आत जाताना पुश (आधीची जागा लक्षात ठेवतो), निघताना पॉप (तिथेच परत नेतो), मग बोलावणारा कुठल्याही सेक्शनमध्ये, कुठल्याही नंबरात असो, त्याची जागा हलत नाही. दोन सेक्शनमधल्या लेबलांची वजाबाकी करून लांबी काढायला गेलं तरी असेंबलर हात वर करतो, त्यामुळे मजकुराची लांबी मजकूर लिहिल्या लिहिल्या तिथेच काढावी.

एक रिकामा सेक्शन पण सांगून ठेवते, डॉट नोट डॉट जीएनयू-स्टॅक. हाताने लिहिलेल्या असेंब्ली फाईलमध्ये हा नसला तर लिनक्सवर एक्स८६ सारख्या मशीनसाठी लिंकर असं धरतो की या प्रोग्रामला स्टॅकवर (चालताना तात्पुरत्या गोष्टी ठेवायची मेमरी) सूचना चालवायच्या आहेत, आणि मग सगळ्या प्रोग्रामचा स्टॅक तसा उघडा राहतो, बाकीच्या शंभर फाईली कितीही नीट असल्या तरी. २०२२ च्या बिनयुटिल्स (जीएनयू असेंबलर-लिंकरचा संच) २.३९ पासून लिंकर यावर वॉर्निंग देतो. ती वॉर्निंग गप्प करायचे उपाय विचारणारी मुलं मला भेटतात, तेव्हा सांगते की बाबांनो, या सेक्शनची एक ओळ लिहा, आकार शून्य बाइट.

तर विनंती अशी की लेखमालेच्या पुढच्या भागात ते वाक्य दुरुस्त करावं, आणि जमलं तर एखाद्या छोट्या प्रोग्रामची सेक्शनची यादी जशीच्या तशी छापावी, नाव, पत्ता, आकार, फ्लॅग, सगळे रकाने. अर्ध्या कॉलममध्ये मावेल.

आपली,
एक वाचक