‘कागदपत्रे वकिलाला दाखवावीत’ एवढेच?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कर्जाचे हप्ते थकलेल्या मालकांकडून थेट घर विकत घेण्याविषयी आपल्या शनिवारच्या वास्तुपुरवणीत आलेला लेख मी काल दोनदा वाचला. धोक्यांविषयीचा परिच्छेद पहिल्या वेळी माझ्या नजरेतून सुटला असावा, असे वाटल्याने तो पुन्हा वाचला. पण तसा परिच्छेद त्यात नव्हताच. ‘व्यवहारापूर्वी कागदपत्रे वकिलाकडून तपासून घ्यावीत’ हे एक वाक्य मात्र होते, आणि त्याच्या आगेमागे घर स्वस्तात कसे मिळते, मालकाची अब्रू कशी वाचते आणि बँकेची वसुली कशी होते, याचे इतके गोड वर्णन होते की लिलावाला जाणारे ते घर आहे की कन्यादान, असा प्रश्न पडावा.

लेखकांनी ‘फोरक्लोजर’ हा शब्द जप्ती या अर्थाने वापरला आहे. ठाण्यातील कोणत्याही बँकेत ‘फोरक्लोजर लेटर’ मागितले, तर कर्ज मुदतीआधी फेडून टाकण्यासाठी किती रक्कम भरावी लागेल, हे सांगणारे पत्र हातात पडते. शब्दाचा कीस काढावा म्हणून मी हे लिहीत नाही. माझ्या कुटुंबाचे लाखो रुपये याच पत्रावर विश्वास ठेवल्यामुळे अडकले.

नोव्हेंबर २०२२ मध्ये मुलीसाठी ऐरोलीत घर पाहत होतो. मालकाचा धंदा कोरोनात बसला, दोन-तीन हप्ते मागे पडले आहेत, म्हणून तो घाईत आहे, असे दलालाने सांगितले. त्याच इमारतीतील तेवढ्याच सदनिका ६६ लाखांच्या आसपास जात असताना ही ५८ लाखांना मिळत होती. मालकाने आढेवेढे न घेता बँकेचे ते पत्र समोर ठेवले. गृहकर्जाचे २१ लाख बाकी होते. हिशेब सरळ दिसत होता. मी जन्मभर लेखापाल म्हणून दुसऱ्यांचे हिशेब तपासले, आणि स्वतःच्या वेळी मात्र एका पानावर विसंबलो.

वकिलाला कागदपत्रे दाखवली नाहीत, असे मात्र आपल्या लेखकांनी समजू नये. आमच्या वकिलांनी दुय्यम निबंधक कार्यालयातील तीस वर्षांचा शोध घेतला, जाहीर नोटीस दिली, चौदा दिवस वाट पाहिली. कोणाचीही हरकत आली नाही. नोंदणीत बोजा दिसला नाही, यात नवल नव्हते. मालकाने २०११ मध्ये मूळ करारपत्र बँकेत ठेवून कर्ज घेतले होते आणि अशा गहाणाची सूचना निबंधकाकडे देण्याची सक्ती आपल्या राज्यात त्यानंतर, २०१३ मध्ये आली. गृहकर्ज आम्हाला ठाऊकच होते. ठाऊक नव्हते ते हे की, २०१२ मध्ये त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेतून मालकाने धंद्यासाठी कर्ज उचलले होते, त्यालाही हीच सदनिका तारण होती आणि ते ४४ लाखांवर थकले होते. गृहकर्जाच्या पत्रात अर्थातच फक्त गृहकर्जाचा आकडा होता. पत्र खोटे नव्हते, एवढेच त्याचे वैशिष्ट्य.

सेरसाई नावाची एक केंद्रीय नोंदवही २०११ पासून आहे आणि तीत अशी गहाणे किरकोळ शुल्क भरून कोणालाही पाहता येतात, हे मला सर्व आटोपल्यावर कळले. आपल्या लेखकांना ते कळले आहे की नाही, हे लेखावरून कळत नाही.

साठेखत, म्हणजे पुढे खरेदीखत करण्याचा करार, मुलीच्या नावे नोंदवले. स्त्री खरेदीदार म्हणून सहा टक्क्यांनी ३ लाख ४८ हजार रुपये मुद्रांक शुल्क भरले, ३० हजार रुपये नोंदणी शुल्क भरले आणि मालकाला ९ लाख रुपये दिले. हे ९ लाख मी त्याच्या बचत खात्यात भरले, कर्जखात्यात नव्हे, आणि बँकेची लेखी संमती तर मागितलीच नाही. ‘तुमच्या पैशातूनच हप्ते भरतो, मग बँक लगेच ना हरकत पत्र देईल,’ असे तो म्हणाला होता. माणूस बोलायला अत्यंत अदबशीर होता आणि मला ‘काका’ म्हणत असे.

यानंतर मालकाच्या राहिलेल्या कर्जाविषयी बोलायला बँकेत गेलो, तेव्हा तेथील अधिकाऱ्याने संगणकात पाहून मला शांतपणे विचारले, ‘या खात्याशी तुमचा काय संबंध?’ कर्ज थकल्यास न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकांना देणाऱ्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) ची, साठ दिवसांत कर्ज फेडा असे बजावणारी नोटीस मालकाला ऑगस्टमध्येच मिळालेली होती. ती मिळाल्यानंतर कर्जदाराने तारण मालमत्ता बँकेच्या लेखी पूर्वसंमतीशिवाय विकू नये, असे त्याच कायद्याचे कलम १३(१३) सांगते. म्हणजे नोव्हेंबरात आम्ही मुद्रांक शुल्क भरून जे साठेखत नोंदवले, ते बँकेच्या लेखी अस्तित्वातच नव्हते. निबंधक दस्त नोंदवून घेतो. विकणाऱ्याला विकण्याचा अधिकार उरला आहे की नाही, याची हमी तो देत नाही. दोन्ही कर्जांचे मिळून ६५ लाख भरा, मग पाहू, असे बँकेचे उत्तर होते. ५८ लाखांच्या घरासाठी!

यापुढची एक गोष्ट मला आजही बोचते. पहिल्यांदा घर पाहायला गेलो, तेव्हा मुख्य दाराच्या वरच्या बाजूला कागदाच्या आकाराचा एक चौकोनी डाग होता, कडेला डिंक वाळलेला आणि मधला भाग नखांनी खरवडलेला. निवडणुकीचे पत्रक चिकटवले असेल, असे मी मनाशी म्हटले. मुलगी तर रंग कोणता द्यायचा, याचा विचार करत होती. बँकेने सांकेतिक, म्हणजे कागदोपत्री, ताबा घेतल्याची सूचना त्या दारावर लावली होती आणि मालकाने ती ओल्या फडक्याने काढली होती. सोसायटीच्या चिटणिसांना हे माहीत होते. नंतर विचारले, तर ‘आम्ही कशाला कोणाच्या मध्ये पडू?’ असे म्हणाले. मेंटेनन्सची थकबाकी मात्र त्यांनी पहिल्या भेटीतच पैशासकट सांगितली होती.

व्यवहार मोठा असला आणि खरेदीदार जाणकार असला, म्हणजे यातून सुटका होते, असेही कोणी समजू नये. आपल्याच ठाणे-बेलापूर पट्ट्यातील औद्योगिक वसाहतीतील एका भूखंडाच्या प्रकरणात, सेलिर विरुद्ध बाफना मोटर्समध्ये, लिलावात सेलिरची १०५ कोटींची बोली मान्य झाल्यावर कर्जदार बाफना मोटर्सने त्रयस्थ खरेदीदाराच्या साहाय्याने १२९ कोटी भरून मालमत्ता सोडवून घेतली आणि उच्च न्यायालयाने ते मानलेही. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. सरफेसी कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची सूचना प्रसिद्ध होताच कर्जदाराचा तारण सोडवण्याचा हक्क संपतो, असे न्यायालयाने सांगितले. तिथे मोठमोठ्या वकिलांची फौज उभी होती. आमच्यासारखे लोक वाशीच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात जातात ते चपला झिजवायलाच.

मालकाने पुढील वर्षभरात हप्त्याहप्त्याने अडीच लाख परत केले आणि नंतर फोन उचलणे बंद केले. पोलिसांनी प्रकरण दिवाणी स्वरूपाचे असल्याचे सांगितले. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने ताबा घेऊन बँकेने २०२४ मध्ये सदनिका लिलावात विकली. आपल्या लेखात नवी मुंबईचा उल्लेख चार वेळा आहे, पण तेथील बहुतेक जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याची असून हस्तांतराला सिडकोची परवानगी व शुल्क लागते, याचा एकदाही नाही. पण आम्ही त्या पायरीपर्यंत पोहोचलोच नाही, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

थकीत कर्जदाराचे घर कोणी घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. बँक, मालक आणि खरेदीदार यांनी एकत्र बसून लेखी संमती घेतली, त्या मालमत्तेवरील सर्व कर्जांचा एकत्रित आकडा बँकेच्या सहीशिक्क्याने मिळाला आणि इसाराची पहिली रक्कमही थेट कर्जखात्यात गेली, तर असा व्यवहार होऊ शकतो. हे लिहायला आपल्या लेखकांना तीन ओळी लागल्या असत्या. तीन ओळींची जागा नव्हती म्हणावे, तर त्याच पानाच्या तळाशी एका गृहसंकुलाच्या पोहण्याच्या तलावाचे पाऊण पानी छायाचित्र आहे.

जाता जाता आणखी एक. ताब्याची सूचना दोन दैनिकांत, त्यांपैकी एका स्थानिक भाषेतील दैनिकात छापावी, असा नियम आहे, आणि आमच्या घराची सूचना नियमाप्रमाणे साठेखताच्या तीन आठवडे आधी छापून आलेलीही होती. ती ज्या मराठी दैनिकात आली, ते आमच्या घरी रोज सकाळी येते. कोणते, ते लिहीत नाही. त्या दिवशीच्या अंकातील राशिभविष्य आणि कोडे मी पाहिले होते, सूचनांचे पान नाही, कारण तेथील अक्षर मुंगीच्या पावलाएवढे असते आणि एकेका चौकटीत दहा-दहा कर्जदारांची नावे कोंबलेली असतात. पुढे रद्दीतून तो अंक शोधून काढला, तेव्हा नातवाच्या भिंगाने सदनिका क्रमांक वाचला.

त्या सूचनेचे कात्रण सोबत जोडले आहे. आपल्या कार्यालयात कोणाला ते भिंगाशिवाय वाचता आले, तर कृपया कळवावे.

आपला,
एक सेवानिवृत्त लेखापाल,
खारेगाव, कळवा, ठाणे