मासे पहाटे मरतात, नमुना मात्र पावणेबाराला

मा. पर्यावरण मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्याचा. अकरावी-बारावीच्या मुलांना तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले, आता निवृत्त आहे आणि रोज पहाटे घराजवळच्या तलावाला चार फेऱ्या मारतो. तलावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिले की हे पत्र त्या एका तलावाचे होऊन जाईल, आणि मासुंदा, उपवन, कचराळी, रायलादेवी जिथल्या तिथे राहतील.

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस एक दिवस आभाळ भरून राहिले आणि रात्री वळवाची सर येऊन गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे काठाला मेलेले मासे लागलेले. जे जिवंत होते ते पृष्ठभागाशी तोंड आणून आ वासत होते. जमलेल्या मंडळींचे लगेच एकमत झाले, कुणीतरी विष कालवले. एकाने शेजारच्या बांधकामाकडे बोट दाखवले, दुसऱ्याने मासेमारीच्या ठेक्यावरून झालेल्या भांडणाकडे.

चार दिवसांनी मी एका कार्यालयात गेलो (कोणत्या, ते राहू द्या). तिथल्या गृहस्थांनी सौजन्याने त्या आठवड्याचा अहवाल दाखवला. विरघळलेला ऑक्सिजन उत्तम, सामू (पाणी आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा pH) जरासा चढा. नमुना घेतल्याची वेळ सकाळी ११.४०. "सर, पाणी तर चांगलं आहे," ते म्हणाले. अहवालात एक अक्षर खोटे नव्हते. चुकले होते ते घड्याळ, आणि माझी तक्रार तेवढीच आहे.

पातेल्यात पाणी तापत ठेवले की उकळी फुटण्याच्या कितीतरी आधी कडेला बारीक बुडबुडे धरतात. ती वाफ नव्हे. ती पाण्यात विरघळलेली हवा, ऊब लागताच बाहेर पडू लागलेली. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, वायूंचे नेमके उलटे. २० अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. म्हणजे मे महिन्यात तलावाची शिदोरी आधीच कमी, आणि उष्म्याने माशांची गरज वाढलेली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मासे जगायचे तर किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो.

पण दिवसा तलावात याहून खूप जास्त सापडतो, कधी कधी मावतो त्याहूनही जास्त. कारण शेवाळ. सांडपाणी, साबणाचे पाणी, निर्माल्य आणि पुण्य पदरी पडावे म्हणून माशांना टाकलेला पाव, या सगळ्यांतून नायट्रेट आणि फॉस्फेट हे क्षार पाण्यात उतरतात. त्यांवर सूक्ष्म शेवाळ माजते आणि पाण्याला वाटलेल्या कोथिंबिरीचा रंग येतो. ऊन असेतो हे शेवाळ ऑक्सिजन सोडत राहते. सूर्य मावळला की तेच शेवाळ, मासे आणि तळच्या गाळातले जिवाणू मिळून रात्रभर तो खातात, नवा मात्र तयार होत नाही. सगळ्यात मोठा खडखडाट सूर्योदयाच्या जरा आधी. त्या दिवशी तर आभाळामुळे दिवसाची कमाईच बुडाली होती, वर सरीने रस्त्यावरची सारी घाण तलावात लोटली. विषाची गरजच नव्हती.

मला हे नुसते पुस्तकातून सांगायचे नव्हते. लुडविग विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली दिलेली पद्धत आजही चालते. बुडबुडा न अडकू देता बाटली काठोकाठ भरायची, त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड सोडायचे. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. आकडा काढायला पुढे प्रयोगशाळा लागते, पण अंदाज यायला डोळे पुरतात. जुन्या सहकाऱ्याकडून दोन बाटल्या आणि रसायने मागून आणली. दुपारी तीनला भरलेल्या बाटलीत कॉफीच्या रंगाचा साका बसला. दुसऱ्या दिवशी पहाटे, त्याच पायरीवरून भरलेल्या बाटलीत जवळजवळ पांढरा. शेजारी बसलेल्या रखवालदाराने विचारले, "दूध टाकलंत का?"

आता कुणी म्हणेल, मग फक्त पहाटे नमुना घ्या. तेवढ्यानेही भागत नाही. दिवसा शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषते, त्यामुळे पाण्याची आम्लता घटून सामू चढतो, दुपारी तर ९ पर्यंतही जातो. सांडपाण्यातून आलेला अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक बरेचसे निरुपद्रवी अमोनियम आणि दुसरे मुक्त अमोनिया, जे माशांचे कल्ले जाळते. ३० अंशांना सामू ७ असेल तर शंभरात जेमतेम एक भाग मुक्त अमोनियाचा. सामू ९ झाला की शंभरात चाळीसहून अधिक. पाण्यात नव्याने काहीही न पडता तेच पाणी दुपारपर्यंत विषारी होऊ शकते. म्हणजे पहाटे गुदमरायचे आणि दुपारी जळायचे, आणि अहवालाची वेळ बरोबर या दोहोंच्या मध्ये. कुणी मुद्दाम ठरवली असती तरी इतकी सोयीची सापडली नसती. मुद्दाम ठरवलेली नाही हे मला ठाऊक आहे. गाडी दहाला सुटते, रस्त्यात रहदारी असते, पावणेबारा वाजतात.

गाळाविषयी थोडे. ठाण्यात गणपतीचे विसर्जन कृत्रिम तलावांत करण्याची पद्धत रुजली, त्याचे मला मनापासून कौतुक आहे. पण पूर्वी बुडवलेल्या मूर्तींचे प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात जिप्सम होते, आणि लिटरभर पाण्यात ते दोन-अडीच ग्रॅमच विरघळते. जे गाळात रुतले ते हळूहळू सल्फेट सोडते. गाळात ऑक्सिजन नसला की जिवाणू त्या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. उन्हाळ्यात काठावर येणारा सडक्या अंड्याचा वास तो हाच, आणि वर येताना हा वायू उरलासुरला ऑक्सिजनही संपवतो.

राहिले कारंजे. आमच्या तलावात ते आहे, रंगीत दिव्यांसकट. संध्याकाळी सात ते दहा चालते, भेळवाल्यांचा धंदा होतो, पोरे खूश असतात. दहाला बंद. नेमकी जेव्हा पाण्याला हवेची गरज, तेव्हा ते झोपलेले असते. दिवे खुशाल विझवा, मोटार पहाटे दोन ते सहा चालवा. हौसेखातर बसवलेले यंत्र कामाला लागेल आणि नव्या निविदेचीही गरज नाही.

तेव्हा आपल्याकडे मागणे असे. शहरी तलावांचे नमुने मार्च ते जून या काळात दोनदा घ्यावेत, सूर्योदयापूर्वी आणि दुपारी तीनच्या सुमारास. अहवालात पाण्याचे तापमान, सामू आणि त्यांवरून काढलेला मुक्त अमोनिया लिहावा, आणि नमुन्याची वेळ आकड्यांइतक्याच ठळक अक्षरांत छापावी. तोच कागद तलावाच्या फाटकावर लावावा. शेवाळ मारायला कुणी मोरचूद (कॉपर सल्फेट) सुचवले तर आधी थांबवावे, कारण एकदम मेलेले शेवाळ कुजताना होता नव्हता तेवढा ऑक्सिजन ओढून घेते.

आमच्या तलावाचे फाटक साडेपाचला उघडते आणि मे महिन्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. अर्धा तास पुरतो. किल्ली रखवालदाराकडे असते. बाटली कशी भरायची ते आता त्यालाही येते.

आपला,
ठाण्याचा एक निवृत्त शिक्षक