मनू, तुझा चार्जर इथेच राहिलाय

दांडिया बाजार, बडोदे
शनिवार

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

भाऊबीजेच्या रात्रीचं तुझं आणि बाबांचं कॅमेऱ्यातल्या व्हिडिओवरून झालेलं भांडण मी ओट्यापाशी उभी राहून सगळं ऐकलं. सकाळी त्यांना न सांगता स्टेशनवर गेलीस, तेही पाहिलं. फराळाचा डबा मात्र नेलास, म्हणजे राग माझ्यावर नाही असं धरून लिहिते. तुझ्या झोपेबद्दल एक अक्षर काढायचं नाही, असं ठरवूनच बसले आहे.

बाबांचं तुला ठाऊकच आहे. फोटोच्या कॅमेऱ्यानं फोटो काढावा, बाकीचे धंदे करू नयेत. निकॉनचा २०१३ चा डीएफ बघ, लायकाचा एम-११ बघ, त्यांत व्हिडिओ नाही, त्यांचं काय अडलं? तू म्हणालीस, मागच्या पडद्यावर चित्र दिसतं तेव्हा सेन्सर चालूच असतो, मग तेच साठवून ठेवलं तर कुठे बिघडलं? मला तुझं पटलं. कॅमेरा तापतो, बॅटरी लवकर संपते, कार्डं महाग पडतात, हे सगळं खरं. पण ज्याला नको त्यानं ते बटण दाबू नये.

आणि बोलतंय कोण? फोटोच्या डिजिटल एसएलआर कॅमेऱ्यात पहिल्यांदा व्हिडिओ आला तो निकॉनचा २००८ चा डी-९० हप्त्यानं कोणी आणला होता? एचडी व्हिडिओ एका वेळी पाचच मिनिटं घेता यायचा त्यात, आणि व्हिडिओ चालू असताना फोकस आपोआप लागत नसे. उत्तरायणाला गच्चीवर बाबा ते करून बघत होते, तेवढ्यात आजी तुळशीपासून तावातावानं पुढे आल्या, उंधियोत रताळं कमी घातलं म्हणून. पुढे येता येता पुसट होत गेल्या. मागची तुळस ठसठशीत, पानन् पान दिसतं. आजींचा आवाज आपल्याकडे तेवढाच आहे. बाबा अधूनमधून दार लोटून घेतात आणि मला स्वयंपाकघरात ‘रताळं, रताळं’ ऐकू येतं.

माझं दुखणं कॅमेऱ्याचं नाहीच. आमच्या वेळी व्हिडिओवाला वेगळा यायचा, हॅलोजन धरायला त्याचा पोऱ्या वेगळा. अंतरपाट निघायच्या वेळी तो आणि बाबा एकाच पाटावर उभे राहण्यासाठी भांडायचे. पण माणसं तीन होती, आणि तिघे जेवून घरी जायचे. आता कॅमेरा एक झाला म्हणून लोक तुला म्हणतात, ‘व्हिडिओ आहेच ना त्यात, तेवढा घेऊन टाका.’ घेऊन टाका! तूच मला अक्षतांवर समजावलं होतंस: व्हिडिओला शटर सेकंदाचा एक-पन्नासांश, त्यात अक्षतांच्या नुसत्या रेघा होतात, दाणा हवेत थांबवायचा तर एक-पाचशेवर जावं लागतं. म्हणजे ‘सावधान’ म्हणेपर्यंत तुझा अंगठा इकडून तिकडे. शिवाय रात्री दोन्हींचं एडिटिंग, आणि पैसे एकाचे.

शिल्पानं सांगितलं मला. मे महिन्यात कोल्हापूरचं लग्न उरकून येताना पहाटे तीनला खोपोलीजवळ गाडी कडेला लावून झोपली होतीस. एकटी. तिला रागावू नकोस, मीच खोदून विचारलं. डोळा लागतोय म्हणून थांबलीस ते शहाणपणाचंच केलंस, मला कळतं. पण तेव्हापासून मीच तीनला उठून बसते. तुला हवा असलेला तो कॅमेरा ८के वर, म्हणजे अगदी बारीक तपशिलाच्या व्हिडिओवर, वीसेक मिनिटांत तापतो आणि आपणहून बंद होतो म्हणालीस. तुला कोण बंद करणार?

झालं, काढलाच विषय. आता काढलाच आहे तर ऐक. लग्न ठरवतानाच फोटोचे वेगळे आणि व्हिडिओचे वेगळे पैसे सांगायचे, हाताखाली एक मुलगा ठेवायचा, आणि रात्री गाडी चालवायची नाही. एखादं लग्न गेलं तर जाऊ दे. हे तुझ्या बाबांना मी आयुष्यात कधी सांगितलं नाही, म्हणून तुला सांगते आहे की काय कोण जाणे. चुकले असेन तर सोडून दे.

मी तरी कुठे झोपत होते म्हणा! लग्नसराईत दोन-दोन वाजेपर्यंत खालून दिवा लावलेल्या काचेवर निगेटिव्ह ठेवून टोकदार पेन्सिलीनं नवऱ्यामुलींच्या गालावरचे डाग भरायचे, मग ब्रोमाइडच्या प्रिंटवरचे पांढरे ठिपके बारीक ब्रशानं बुजवायचे. तू टेबलाखाली कागदाच्या खोक्यांना टेकून झोपायचीस. एका पेन्सिलीला एवढं टोक काढून ठेवलंस एकदा की निगेटिव्हच फाटली. कोणाची होती ते आता सांगत नाही, त्यांना अजूनही माहीत नाही.

फाइन आर्ट्‌सला होतीस तेव्हा छायाचित्रकार ज्योती भट्टांचे रांगोळ्यांचे फोटो बघून आलीस आणि दोन दिवस कोणाशी बोलली नाहीस. बाबा तेव्हा मला म्हणाले होते, ‘ही आपल्या पुढे जाणार.’ तुला ते म्हणणार नाहीत. मांडवापाठी खुर्च्यांवर झोपलेल्या करवलीचा तुझा तो फोटो मात्र त्यांनी आजींच्या फोटोशेजारी लावलाय.

लीलो चिवडा भावेशभाईंच्या हाती पाठवते. तुझा चार्जर आणि एक बॅटरी दिवाणाखाली सापडली. बाबांनी ती चार्जिंगला लावली आहे आणि दिवा हिरवा झाला का ते उठून उठून बघतायत. त्यांना एक फोन कर, कॅमेऱ्याचं काढू नकोस, नुसतं बॅटरीचं विचार.

तुळशीच्या लग्नानंतरचं तुझं पहिलं लग्न कुठे आहे? नाशिकचं असेल तर रेल्वेनं जा.

तुझी,
आई