लोहाचे द्रावण परीक्षेच्या दिवशीच करा

महोदय,

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी मोहर क्षाराचे, म्हणजे फेरस अमोनिअम सल्फेटचे द्रावण आठवडाभर आधी करून ठेवू नये, ही ठाणे-कळव्यातील प्रयोगशाळांना आमची कळकळीची विनंती. फिकट हिरवे द्रावण पिवळसर दिसू लागले की त्यातल्या लोहाच्या फेरस आयनांचे ऑक्सिडीकरण होऊन फेरिक आयन झालेले असतात, आणि टायट्रेशनमध्ये (थेंबथेंब द्रावण घालून लोहाचे प्रमाण मोजण्याच्या प्रयोगात) वापरायच्या परमँगनेटला फेरिकशी काही देणेघेणे नसते. ०.१ मोलर द्रावणाच्या १० मिलिला ०.०२ मोलर परमँगनेट १० मिलि लागते. दहा टक्के लोह फेरिक झाले असेल तर वाचन ९ मिलिवरच थांबते. मुलाचा हात अचूक असूनही गुण त्याचेच जातात.

२५० मिलि द्रावणाला ९.८ ग्रॅम क्षार लागतो. उकळून गार केलेल्या सुमारे १०० मिलि ऊर्ध्वपातित पाण्यात ५ मिलि संहत सल्फ्युरिक आम्ल ढवळत, थोडेथोडे घालावे (आम्लात पाणी कधीही ओतू नये). गार झाल्यावरच क्षार विरघळवावा आणि खुणेपर्यंत पाणी भरावे. नुसत्या पाण्यात क्षार टाकून ठेवला तर द्रावण गढूळ, तांबूस होते. सल्फ्युरिकऐवजी दुसरे आम्ल चालत नाही: हायड्रोक्लोरिक आम्ल असल्यास परमँगनेट क्लोराइडवरही खर्च होते, नायट्रिक आम्ल फेरसचेच फेरिक करते. टायट्रेशनच्या वेळी आम्ल कमी पडले तर शंकुपात्रात मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी गाळ दिसतो. ऑक्झॅलिक आम्लाच्या टायट्रेशनला शंकुपात्र तापवतात, त्या सवयीने हे तापवूही नये.

शंका आली तर थोड्या द्रावणात अमोनिअम थायोसायनेटचे दोन थेंब टाकावेत. गडद लाल रंग आला तर ते द्रावण टायट्रेशनला देऊ नये. त्यात लोखंडी खिळा टाकून फेरिकचे क्षपण करता येते (ते परत फेरस होते), पण खिळ्याचे लोहही विरघळून द्रावणाची संहती (लोहाचे प्रमाण) वाढते. असे द्रावण फक्त गुणात्मक चाचण्यांपुरते ठीक.

क्षार ओळखण्याच्या चाचणीत हिराकसाच्या (फेरस सल्फेटच्या) जुन्या बाटलीनेही असाच घोळ होतो. सोडिअम हायड्रॉक्साइड घातल्यावर ताज्या क्षाराचा अवक्षेप (गाळ) मळकट हिरवा असतो आणि हवेमुळे वरून तपकिरी होत जातो. जुन्याचा पहिल्यापासूनच तपकिरी दिसतो. मूल प्रामाणिकपणे ‘फेरिक’ लिहिते आणि उत्तर चुकीचे ठरते.

परीक्षकांनी प्रत्येक तुकडीआधी त्याच बाटलीतल्या द्रावणाचे वाचन स्वतः घ्यावे आणि त्याच्याशीच मुलांची वाचने ताडून पाहावीत.

– रसायनशास्त्राचे काही शिक्षक, ठाणे